पुठ्ठ्याच्या पानांवरील महानगरे

वाङ्मयसमीक्षेने ज्याची क्वचितच दखल घेतली आहे अशा एका ग्रंथप्रकाराविषयी येथे लिहावयाचे आहे. ज्यांना अद्याप वाचता येत नाही, किंबहुना नीट बोलताही येत नाही, अशा एकदोन वर्षांच्या मुलांसाठी जाड पुठ्ठ्यावर छापलेल्या चित्रपुस्तकांचा हा प्रकार होय. इंग्रजीत त्यांना ‘बोर्ड बुक’ म्हणतात आणि आपल्या शहरांतील दुकानांतही ती याच नावाने मागितली जातात. हाती मावेल असा चौकोनी आकार, गोल केलेले कोपरे, लाळ लागली तरी पुसून घेता येईल असा चकचकीत पृष्ठभाग, वीसबावीस पृष्ठे आणि प्रत्येक पृष्ठावर जेमतेम चारसहा शब्द, असे याचे सर्वसाधारण रूप असते. गेल्या काही दशकांत या प्रकाराची एक निराळी शाखा फोफावली आहे. तिचा विषय जगातील प्रसिद्ध नगरे हा आहे. पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को ही नावे आता पाळण्याच्या आसपास वावरू लागली आहेत.

ज्या जीवाला स्वयंपाकघर आणि ओसरी यांमधला उंबरठा अजून आधाराविना ओलांडता येत नाही, त्याला पॅरिस कशासाठी दाखवावयाचे? हा प्रश्न थट्टेचा नाही. मनुष्याच्या हाती पडणारे पहिले पुस्तक कोणत्या प्रकारच्या अर्थाशी त्याची गाठ घालून देते, हा वाङ्मयाच्या अगदी मुळाशी असलेला प्रश्न आहे, आणि हे पुस्तक केवळ बावीस पानांचे असल्यामुळे तो लहान होत नाही.

तान्ह्या मुलाच्या पुस्तकाची जी एक परंपरा पाश्चात्त्य देशांत तयार झाली, तिचे अधिष्ठान ओळख हे होते. 1930 साली छायाचित्रकार एडवर्ड स्टाइकेन आणि त्यांची कन्या मेरी यांनी ‘द फर्स्ट पिक्चर बुक’ प्रसिद्ध केले. त्यात शब्द नाहीतच. मुलाच्या रोजच्या वापरातील वस्तूंची छायाचित्रे तेवढी आहेत. 1979 मध्ये रोझमेरी वेल्स यांची मॅक्स नावाच्या सशाच्या पिल्लाची पुस्तके आली, 1981 मध्ये हेलन ऑक्सनबरी यांची कपडे घालणे, खेळणे, घरची माणसे अशा विषयांवरची पुस्तके आली. पुठ्ठ्याच्या पानाला कलेची प्रतिष्ठा प्रथम कोणी मिळवून दिली असेल तर ती या दोघींनी, असे म्हणावयास हरकत नाही. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. जे मुलाच्या हातात, अंगावर, तोंडात अगोदरच येऊन गेले आहे, तेच पानावर पुन्हा भेटते. ‘हे तेच’ असे म्हणण्याचा जो आनंद, ज्याला आपल्या जुन्या दर्शनकारांनी प्रत्यभिज्ञा असे भारदस्त नाव दिले, तो येथे आपल्या सर्वांत प्राथमिक रूपात आढळतो. त्यांच्या मनात अर्थात सशाचे पिल्लू नव्हते. परंतु शब्द येथे चपखल बसतो.

मानसशास्त्रज्ञांनीही या बाबतीत काही उद्बोधक निरीक्षणे केली आहेत. ज्यूलियन हॉकबर्ग आणि व्हर्जिनिया ब्रुक्स यांनी 1962 साली एका मुलाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. सुमारे एकोणीस महिन्यांचे होईपर्यंत त्या मुलाला चित्रांपासून शक्य तितके दूर ठेवण्यात आले होते. पुढे परिचित वस्तूंची रेखाचित्रे व छायाचित्रे दाखविताच त्याने त्या ओळखल्या. चित्र ओळखण्यास चित्राचे शिक्षण लागत नाही; वस्तूचा परिचय मात्र लागतो. ज्यूडी डिलोश व त्यांचे सहकारी यांनी 1998 साली आणखी एक गोष्ट दाखविली. नऊ महिन्यांची मुले, मग ती अमेरिकेतील असोत वा आयव्हरी कोस्टमधील, चित्रातली वस्तू उचलावयास पाहतात. पानावर पंजा मारतात, तिला चिमटीत धरू बघतात. एकोणीस महिन्यांच्या सुमारास हा हात मागे येतो आणि त्याच्या जागी बोट येते. मूल आता वस्तू धरीत नाही, दाखवते. धरण्यापासून दाखविण्यापर्यंतच्या या दहा महिन्यांतच मनुष्याला प्रतिमा म्हणजे काय याचा उलगडा होतो, आणि नेमक्या याच दहा महिन्यांत पुठ्ठ्याचे पुस्तक त्याच्यापुढे असते. त्यावर चेंडू असेल तर धरण्याची धडपड सार्थ आहे, कारण चेंडू धरता येतो. त्यावर आयफेल मनोरा असेल तर?

मनोऱ्याचेच उदाहरण थोडे पुढे नेऊ. 1889 च्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या या लोखंडी रचनेची उंची त्या वेळी सुमारे तीनशे मीटर होती, आणि तिची सारी वाङ्मयीन, सामाजिक, सौंदर्यविषयक कीर्ती त्या उंचीतून उगवली आहे. उदात्ताची जी मीमांसा लाँजायनसपासून कांटपर्यंत झाली, तिच्यात प्रचंडतेपुढे इंद्रियांची होणारी दमछाक हा एक महत्त्वाचा घटक मानला गेला. पुठ्ठ्याच्या पानावर हा मनोरा शेजारच्या पावाएवढा होतो. प्रौढ वाचकाला या संकोचाची गंमत वाटते, कारण त्याच्या मनात मूळ परिमाण शिल्लक असते. मुलाच्या मनात ते नाही. त्याला प्रचंडतेचा अनुभव नाही असे मात्र नव्हे. वस्तुतः त्याच्याइतका तो दुसऱ्या कोणालाच नाही, कारण जेवणाच्या मेजाचा पायही त्याच्या दृष्टीने मनोराच असतो. खऱ्या मनोऱ्याचा आत्मा ज्या परिमाणात आहे ते पानावर येत नाही, आणि मुलाला जे परिमाण रोज भेटते ते पानाच्या बाहेरच राहते.

रोलाँ बार्थ यांनी 1957 साली ‘मिथॉलॉजीज’ या संग्रहात दोन छोटे निबंध घातले होते. एक फ्रेंच प्रवासमार्गदर्शिकेविषयी, दुसरा खेळण्यांविषयी. मार्गदर्शिका देशाला स्मारकांपुरता मर्यादित करते, त्यामुळे तेथे राहणारी माणसे दिसेनाशी होतात, हा पहिल्याचा आशय. प्रौढांचे जग लहान करून मुलाच्या हाती दिले की मूल निर्माता न राहता केवळ वापरणारा होतो, हा दुसऱ्याचा. पुढे 1964 मध्ये त्यांनी आयफेल मनोऱ्यावरच लिहिले आणि तो जवळजवळ रिकामे असे चिन्ह आहे, म्हणूनच त्यात कोणताही अर्थ भरता येतो, असे प्रतिपादन केले. नगरांची पुठ्ठ्याची पुस्तके बार्थ यांनी पाहिली नव्हती. तथापि मार्गदर्शिका आणि खेळणे या दोहोंचा संकर केला तर काय निर्माण होईल, याचे उत्तर ही पुस्तके देतात.

आता प्रत्यक्ष पुस्तकांकडे वळू. ॲशली इव्हॅन्सन यांची ‘हॅलो, वर्ल्ड’ ही माला 2015 पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिच्या आरंभीच्या चार पुस्तकांची योजना त्यांच्या नावांवरूनच स्पष्ट होते. पॅरिस हे आकारांचे पुस्तक, न्यूयॉर्क रंगांचे, लंडन विरुद्धार्थी जोड्यांचे आणि सॅन फ्रान्सिस्को अंकांचे. चित्रांची रेषा स्वच्छ आहे, रंगयोजना जुन्या प्रवासी भित्तिपत्रकांची आठवण करून देणारी व अभिरुचिसंपन्न आहे. छपाईविषयी तक्रारीला जागा नाही. परंतु समीक्षकाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. पॅरिसला आकार आणि न्यूयॉर्कला रंग, ही वाटणी कोणत्या आंतरिक गरजेतून झाली? लंडनच्या तांबड्या बसगाड्या, तांबड्या टपालपेट्या आणि दूरध्वनीच्या तांबड्या खोल्या लक्षात घेता रंगांचा मान त्या नगराकडे जावयास काय हरकत होती? अंक तर कोणत्याही गावचे चालतील. विरुद्धार्थी शब्दांचेही तसेच. ज्या कृतीतील एक घटक उचलून त्या जागी दुसरा बसविला तरी काहीच बिघडत नाही, तिला संघटना आहे असे आपण म्हणत नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या 1955 सालच्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे सांगितली. विरुद्धार्थी जोड्यांच्या पुस्तकात विरोध शब्दार्थाच्या पातळीवर आयताच मिळतो. पण तो लंडन या अनुभवाच्या पोटातला विरोध होत नाही. शहराचे नाव मुखपृष्ठावर आणि जोड्या आत, अशी दोन बिऱ्हाडे एकाच छपराखाली राहतात.

येथे एक तुलना करण्याजोगी आहे. टाना होबन या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी 1972 साली ‘काउंट अँड सी’ हे मोजण्याचे पुस्तक काढले. त्यात ‘एक’ या अंकासाठी त्यांनी रस्त्याच्या कडेचा आग विझविण्याच्या पाण्याचा नळ घेतला. मुखपृष्ठावर कोणत्याही शहराचे नाव नाही, आणि तरीही ते पान शहराचे आहे. तो नळ एकटाच उभा असतो, त्याची उंची मुलाच्या उंचीच्या जवळपास असते, आणि रस्त्याने जाताना मूल त्याला हात लावते. ‘एक’ ही कल्पना आणि ती वस्तू यांची सांगड येथे उसनी वाटत नाही. नगर सांगण्याचा कसलाही आव न आणता नगर सांगितले गेले आहे.

‘माय लिटल सिटीज’ ही 2017 पासूनची दुसरी माला. लेखन जेनिफर ॲडम्स यांचे, चित्रे ग्रेग पिझोली यांची. हिची पद्धत छोट्या छोट्या यमकबद्ध वाक्यखंडांची आहे. कानाला ती बरी वाटते, आणि या वयात कानाचा अधिकार डोळ्याहून कमी नसतो, ही गोष्ट या मालेच्या बाजूने नोंदविली पाहिजे. ॲडम गॅम्बल यांच्या ‘गुड नाइट’ मालेची युक्ती वेगळी आहे. बॉस्टन, न्यूयॉर्क अशा एकेका नगराची स्थळे दाखवावयाची आणि त्यांना शुभरात्री म्हणावयाचे. हा आकृतिबंध कोठून आला हे सांगावयास नको. मार्गारेट वाइज ब्राउन यांच्या 1947 सालच्या ‘गुडनाइट मून’मध्ये निजलेले पिल्लू खोलीतील एकेका वस्तूचा निरोप घेते. परंतु तेथे निरोपाला अर्थ आहे, कारण त्या वस्तूंशी दिवसभराचा सहवास घडलेला आहे आणि दिवा मालवल्यावर त्या दिसेनाशा होणार आहेत. ज्या पुलाची गाठच पडली नाही त्याचा निरोप घेणे हा केवळ शिष्टाचार झाला. आकृतिबंध उसना घेताना त्यातील वियोगाची बारीक कळ मागे राहिली, असे मला वाटते, आणि या मालेला इतक्या नगरांचा व प्रदेशांचा विस्तार करता आला तो बहुधा त्यामुळेच.

लहान मुलांना नगर दाखविण्याची कल्पना नवी नव्हे. कोमेनिअस याने 1658 साली न्यूरेंबर्ग येथे ‘ऑर्बिस सेन्सुआलिअम पिक्टस’ हे लॅटिन व जर्मन भाषांतील सचित्र पाठ्यपुस्तक काढले. त्यात नगरावर पाठ आहेत: तट, वेशी, खंदक, आतले रस्ते, बाजार, सार्वजनिक इमारती. चित्रातील प्रत्येक भागाला अंक आहे आणि तोच अंक शब्दाला आहे. त्या नगराला नाव मात्र नाही. ते कोणतेही नगर असू शकते, आणि ते पाहून विद्यार्थ्याला आपल्या गावाची वेस ओळखता येते. आजच्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात नगराला नाव आहे पण अवयव नाहीत. केविन लिंच यांनी 1960 च्या ‘द इमेज ऑफ द सिटी’ या ग्रंथात बॉस्टन, जर्सी सिटी व लॉस एंजेलिस येथील रहिवाशांच्या मनातील नगरचित्राचे पाच घटक सांगितले: वाटा, कडा, विभाग, नाकी आणि ठळक खुणा. आपल्यापुढील पुस्तकांनी यांपैकी जवळजवळ केवळ शेवटचा घटक उचलला आहे. खुणांमधून जाणारी वाट त्यांत नाही. मुलाला मात्र नगर भेटते ते प्रथम वाटेच्या रूपानेच. कडेवरून किंवा बाबागाडीतून, दाराबाहेरची पायरी, वळणावरचा कुत्रा, उतार, आणि परत तीच पायरी, असे त्याचे नगर असते.

ही जाणीव लूसी स्प्रेग मिचेल यांना फार पूर्वी झाली होती. 1921 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ‘हिअर अँड नाऊ स्टोरी बुक’ प्रसिद्ध केले. नगरातील लहान मुलाची गोष्ट त्याच्या येथल्या आणि आताच्या अनुभवातून निघाली पाहिजे, परीकथेच्या राजवाड्यातून नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. या आग्रहातला एकांगीपणा स्पष्ट आहे. राजवाड्यांनीही मुलांचे काही कमी कल्याण केलेले नाही. परंतु त्यांच्या संस्थेत तयार झालेल्या मार्गारेट वाइज ब्राउन यांनी 1939 साली ‘द नॉइझी बुक’ लिहिले, लेनर्ड वाइसगार्ड यांनी त्याची चित्रे काढली, आणि शहराविषयीच्या बालवाङ्मयात एक खरोखरच नवीन गोष्ट घडली. मफिन नावाच्या छोट्या कुत्र्याच्या डोळ्यात कण जातो, डोळ्यांवर पट्टी बांधली जाते आणि तो शहरातून हिंडतो. आता शहर फक्त ऐकू येते. कोणता आवाज कशाचा हे ऐकणाऱ्या मुलाने सांगावयाचे असते. शहराची ठळक खूण येथे निरुपयोगी ठरते, कारण मनोरे आवाज करीत नाहीत.

थोड्या मोठ्या मुलांसाठी असली तरी मिरोस्लाव शाशेक यांची ‘धिस इज’ माला येथे टाळता येत नाही, कारण आजच्या नगरपुस्तकांच्या चित्रशैलीवर तिची छाया स्पष्ट दिसते. 1959 मध्ये पॅरिस आणि लंडन, 1960 मध्ये रोम आणि न्यूयॉर्क, असे करीत 1974 पर्यंत ही माला चालली. तिच्यात स्मारके भरपूर आहेत. परंतु लंडनच्या पुस्तकाचा आरंभ धुक्याने भरलेल्या करड्या पानाने होतो, ज्यात लंडन दिसतच नाही. 1952 च्या डिसेंबरमध्ये त्या शहरावर प्राणघातक धूर उतरला होता आणि 1956 साली हवा शुद्ध राखण्याचा कायदा झाला होता, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे त्या विनोदाला एक दुसरी कडाही आहे हे कळते. अलीकडच्या आवृत्त्यांत शेवटी बदललेल्या गोष्टींच्या टिपा जोडल्या आहेत. त्यामुळे ही पुस्तके आता नगराइतकीच एका गेलेल्या काळाचीही झाली आहेत. शाशेक हे मूळचे प्रागचे. 1948 मध्ये त्यांचा देश सुटला. कोमेनिअसही त्याच भूमीतला आणि निर्वासितच. शाशेक यांच्या मालेत हाँगकाँग आहे, टेक्सास आहे, अंतराळयाने सोडण्याचे केप केनेडीही आहे, प्राग नाही. यावरून फार मोठे अनुमान काढू नये. परंतु परक्याच्या नगरात पाहुणा म्हणून हिंडणाऱ्या नजरेची जी तीक्ष्णता त्या चित्रांत आहे, ती नंतरच्या अनुकरणांत केवळ रेषेची लकब होऊन उरली, एवढे म्हणता येईल.

ही पुस्तके विकत घेतो कोण, हे पाहिल्यावाचून त्यांचे स्वरूप पुरते ध्यानात येत नाही. मूल घेत नाही. प्रवासाहून परतणारी मावशी घेते, बारशाला जाणारा मित्र घेतो, परदेशी स्थायिक झालेला मुलगा आपल्या भाच्यासाठी पाठवितो. म्हणजे हे बहुतांशी स्मरणचिन्ह आहे आणि त्यातील ओळखीचा आनंद प्रौढाचा आहे. काहींच्या शेवटी बारीक अक्षरांत स्थळांची माहिती असते, ती कोणासाठी हे उघड आहे. यात निंद्य काही नाही. परंतु या पुस्तकांवर घडलेले मूल पुढे कधी खऱ्या मनोऱ्यापुढे उभे राहिले, तर ‘हे तेच’ असे तो मनोऱ्याविषयी म्हणेल, आणि ‘तेच’ म्हणजे पुस्तकातले. प्रत्यभिज्ञेची दिशा उलटली. वस्तूवरून चित्र ओळखण्याऐवजी चित्रावरून वस्तू ओळखली गेली. प्रवासी म्हणून घडण्याचा हा मार्ग आहे, आणि ज्यांना असा प्रवास घडणार नाही त्यांच्या घरातही तो एक अपेक्षा म्हणून येऊन बसतो.

आपल्या देशातील लेखक व प्रकाशक या बाबतीत काय करतील, ही चिंता मला अधिक महत्त्वाची वाटते. अनुकरणाची वाट सोपी आहे. मुंबईसाठी 1924 साली पूर्ण झालेले गेटवे, हैदराबादसाठी 1591 चा चारमिनार, दिल्लीसाठी कुतुबमिनार, आणि प्रत्येकाखाली एक आकार किंवा एक अंक. लंडनच्या जागी दिल्ली बसविल्याने पुस्तक आपले झाले असे समजणे चुकीचे ठरेल, कारण दोष नगराच्या निवडीत नसून नगराच्या कल्पनेत आहे. उलट हावड्याचा पूल घ्या. 1943 साली खुला झालेला हा पूल ठळक खूण आहे खरा, पण तो वाटही आहे. खांद्यावर बसून त्यावरून जाणाऱ्या मुलाला डोक्यावरून सरकणाऱ्या लोखंडी पट्ट्या दिसतात, पुढच्या हमालाच्या डोक्यावरची टोपली दिसते, खाली पाणी चमकते. हे पुठ्ठ्याच्या दहा जोडपृष्ठांत सहज मावेल, आणि पुलाचे नाव एकदाही न घेता ते कोलकात्याचे राहील. भारतीय नगर ऐकण्यासारखे तर आहेच. कुकरची शिट्टी, फेरीवाल्याची एकेका शहरात निराळी असलेली हाळी, पहाटे दुधाच्या बाटल्यांची किंवा किटल्यांची खणखण. यांतून मफिनपेक्षा किती तरी मोठे पुस्तक होईल.

आणि एक गोष्ट आपल्याच घरांत घडते, जिच्याकडे या पुस्तकांच्या कर्त्यांचे लक्ष जाण्याचा संभव नाही. इंग्रजी पुठ्ठ्याचे पुस्तक मांडीवर घेतलेली मराठी, बंगाली किंवा तमिळ आजी त्यावरचे इंग्रजी शब्द बहुधा वाचीत नाही. ती बोलते. अनात निनिओ आणि जेरोम ब्रूनर यांनी 1978 साली एका आईच्या व मुलाच्या चित्रवाचनाचे जे निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यात लक्ष वेधणे, विचारणे, नाव सांगणे आणि मुलाच्या उद्गाराला दाद देणे असा क्रम आढळला होता. आजी हेच करते, फक्त तिच्या भाषेत आणि पुस्तकाला न जुमानता. पानावर मनोरा एकटाच असेल तर तिचे बोलणे एका वाक्यात संपते. त्याच्या पायथ्याशी एखादे कबूतर, एखादा भिजलेला कुत्रा, दोरीवर कपडे वाळत घालणारी बाई असेल, तर मुलाचे बोट तिकडे जाते आणि मनोरा मागे राहतो. मराठी घरात अशा वेळी ‘भूर’ हा शब्द हमखास येतो. घराबाहेर पडणे एवढाच त्याचा अर्थ. कोपऱ्यावरचे वाण्याचे दुकान आणि लंडन यांत तो शब्द फरक करीत नाही. इव्हॅन्सन यांच्या चित्रांपुढे बसून आजी विचारते की ही बाई भूर कुठे चालली, आणि मूल दाराकडे बोट दाखवते.